कामरगावच्या अजबखान्याचे दार

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. कारंज्याकडे जाणारी लहान गाडी पलीकडच्या फलाटावर उभी होती. तिची सुटण्याची वेळ साडेसात. साडेसातला गार्डने शिट्टी तोंडाला लावली आणि पुन्हा खाली घेतली. चौकशी करता कळले की एका उतारूचा चहा अजून फार गरम आहे. चहा निवला, पिऊन झाला, कपबशी टपरीवर परत गेली आणि मग गाडी निघाली. कोणी तक्रार केली नाही. उतारूने गार्डला पान दिले.

या प्रवासाचे कारण एक पोस्टकार्ड. आमच्या साप्ताहिकाच्या पुण्यातील कचेरीत ते श्रावणाच्या सुरुवातीला आले. मजकूर असा: ‘आमचे गावी जुन्या वस्तूंचा संग्रह बारा वर्षांपासून आहे. आपला मनुष्य पाठवून तो पाहावा व योग्य वाटल्यास छापावे. पोळ्याच्या आत आल्यास बरे. पोळ्यानंतर संग्रह राहील किंवा कसे, सांगवत नाही.’ खाली सही आणि ‘पेन्शनर शिक्षक, कामरगाव, वऱ्हाड’. संपादकांनी शेवटच्या वाक्याखाली निळी रेघ ओढली आणि कार्ड माझ्या टेबलावर ठेवले.

कारंज्याला साडेदहा वाजता उतरलो. कामरगावकडे जाणारी मोटार पावसाळ्याचे चार महिने बंद असते, ही माहिती मोटारीच्या थांब्यावर पोचल्यावर मिळाली. तिथे एक छकडा (लहान बैलगाडी) उभा होता. त्याला दोन बैल जुंपलेले होते आणि आत आणखी साठ-सत्तर होते. आतले लाकडी होते, वीतभर उंच, चाकांवर बसवलेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वऱ्हाडात मुलांचा तान्हा पोळा भरतो, त्यात हे बैल ओढायचे असतात. छकड्याचे मालक करीमभाई कामरगावचे सुतार. बैल कारंज्याच्या बाजारात विकून उरलेले घेऊन ते घरी निघाले होते.

“बसा भाऊ,” ते म्हणाले. “बैलांले सरकवा अन् बसा. शिंगं तेवढी मोडू नोका.”

रस्ता काळ्या जमिनीतून जातो. दोन्ही बाजूंना गुडघाभर कपाशी, मधून तुरीच्या ओळी, लांबवर ज्वारी. झाडे कमी, आभाळ पुष्कळ. ही माती कोरडी असता भेगाळते आणि ओली असता धरते. दुसऱ्या नाल्याच्या पुढे एका बाभळीजवळ तिने छकड्याचे चाक आसापर्यंत धरले. मी मदतीसाठी खाली उतरलो. चाक निघाले. माझा डावा बूट निघाला नाही. करीमभाईंनी हात कोपरापर्यंत घालून पाहिला, मग हात पुसत म्हणाले, “आता ते दिवाळीनंतर भेटन.”

पुढचा प्रवास एका बुटात झाला. करीमभाईंनी विचारले, “कोनाकडं जायचं?”

“गुरुजींकडे. संग्रह पाहायला आलो आहे.”

“अजबखाना?” गावात संग्रहाला हेच नाव आहे. “पाहाले आले खरे, पन दिसन कसा? महिना झाला, दार बंद हाये.”

“किल्ली कोणाकडे असते?”

“कोनती?” करीमभाईंनी विचारले आणि बैलांना हाक दिली.

कामरगाव मोठे आहे. बाजाराची जागा, थोडी दुकाने, शाळा, एक मशीद, दोन देवळे, मध्ये चावडी. गुरुजी चावडीसमोरच राहतात. सत्तरीच्या जवळचे, सडपातळ, काळी टोपी, कानावर पेन्सिल. त्यांनी प्रथम माझ्या पायांकडे पाहिले.

“एकच?”

“एकच.”

“जागा लक्षात आहे?”

मी नाला आणि बाभूळ सांगितली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली. त्याचा उलगडा पुढे झाला.

हातपाय धुऊन झाल्यावर त्यांनी मला संग्रहाकडे नेले. खोली चावडीला लागून आहे. दगडी भिंती, कौले, पूर्वेला एक गजांची खिडकी आणि उत्तरेला दार. दार सागवानी, दोन झडपांचे. दोन्ही झडपा एकमेकींना दोन साखळ्यांनी जोडलेल्या आणि प्रत्येक साखळीला एक कुलूप. वरचे कुलूप पितळी, खालचे लोखंडी. दोन्ही कुलपे नारळाएवढी.

“वरचं मोठ्या घराचं,” गुरुजी म्हणाले. “खालचं धाकट्या घराचं.”

गावची पाटीलकी दोन घरांत आहे, हे येथे सांगावे लागेल. मोठे घर आणि धाकटे घर, मूळ पुरुष एक. चावडीची ही खोली दोन्ही घरांच्या समाईक ताब्यातली. बारा वर्षांपूर्वी गुरुजींनी ती मागून घेतली आणि वस्तू जमवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी त्यांनी वस्तू काळाप्रमाणे मांडल्या. सर्वांत जुनी वस्तू म्हणजे नाल्यात सापडलेला दगडी खल. तो दाराजवळच्या पहिल्या कोनाड्यात ठेवला. त्यानंतर महिनाभर गावातले कोणी संग्रह पाहायला आले नाही. खल कोणाच्याच घरचा नव्हता, आणि तो सगळ्यांच्या पुढे बसला होता.

दुसऱ्या वर्षापासून वस्तू मानाप्रमाणे मांडल्या जाऊ लागल्या आणि गर्दी होऊ लागली. पोळ्यात ज्या क्रमाने घरोघरच्या बैलजोड्या उभ्या राहतात, तोच क्रम. एकच अडचण राहिली. पोळ्यात तोरणाखाली पहिली जोडी मोठ्या घरची, हे पिढ्यानपिढ्या ठरलेले आहे. तेव्हा धाकट्या घराचे म्हणणे पडले की निदान अजबखान्यात तरी पाळी असावी. ती मान्य झाली. पहिल्या कोनाड्यात एक वर्ष मोठ्या घरची तलवार, एक वर्ष धाकट्या घरची पगडी. बदल पोळ्याच्या दिवशी. तलवार म्यानातून निघत नाही. पगडीत एकदा उंदराने पिले घातली होती. तशी नोंद वहीत आहे.

गेल्या पोळ्याला तलवार बसली. यंदा मध्ये अधिक महिना आला. म्हणजे तलवारीला तेरा महिने मिळणार. बारा महिने पुरे होताच धाकट्या घराने पगडी बसवायला माणूस पाठवला. मोठ्या घराने त्याला परत पाठवले आणि दाराला कुलूप घातले. तासाभराने धाकट्या घराने दुसरे घातले.

“आणि पोळ्यानंतर संग्रह राहील किंवा कसे, असे आपण लिहिले होते,” मी म्हणालो.

गुरुजींनी चावडीपलीकडे बोट दाखवले. तिथे कोंडवाडा (मोकाट गुरे कोंडण्याची जागा) होता. त्याची भिंत आषाढात पडली होती. लोकल बोर्डाला (तालुक्याचा कारभार पाहणारे सरकारी मंडळ) गुरांसाठी खोली हवी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी डिप्टीसाहेब (शाळा तपासणारे अधिकारी) येणार, शाळा पाहणार आणि जाता जाता या खोलीचाही अहवाल लिहिणार. खोली उघडी आणि उपयोगात दिसली तर संग्रह राहील. बंद दिसली तर दोन कुलपे फोडून आत म्हशी बांधल्या जातील.

“बारा वर्षं,” गुरुजी म्हणाले आणि टोपी सरळ केली. “या, आलाच आहात तर संग्रह पाहून घ्या.”

संग्रह आम्ही खिडकीतून पाहिला. गुरुजींनी गजांमधून काठी आत घातली आणि तिच्या टोकाने एकेक वस्तू दाखवली. आत अंधार होता, पण त्यांना दिसण्याची गरज नव्हती. तलवार. पगडी. जुनी धान्याची मापे. हातमागाचा धोटा. कापूस रेचायची चरकी. एका इनामदाराचा दात, ‘चांदीच्या डबीत, दात खोटा, डबी खरी’. उजव्या भिंतीला मात्र बैलांच्या झुली, घुंगरमाळा, घंटा आणि रंगीत गोंडे छतापर्यंत लटकत होते. एवढी बैलांची भूषणे एका ठिकाणी कशी, असे विचारले.

“जी वस्तू वर्षातून एकच दिवस लागते, ती लोक आनंदानं देतात,” गुरुजी म्हणाले. “घरी उंदीर झुली कुरतडतात. मी म्हटलं, इथं ठेवा, पोळ्याला न्या, दुसऱ्या दिवशी आणा. निम्म्या गावाचा साज इथं आहे.” काठी बाहेर काढत ते म्हणाले, “पोळा उद्या आहे.”

इतक्यात आमच्या मागून एका म्हातारीने डोके पुढे काढून गजांना लावले. हातात हिरव्या मिरच्यांची परडी. या सोनाबाई. सुनेने नवा पाटा आणला म्हणून त्यांनी आपला जुना पाटा-वरवंटा दोन वर्षांपूर्वी संग्रहाला दिला. तेव्हापासून त्या रोज सकाळी येऊन संग्रहात चटणी वाटत होत्या. महिनाभर ते बंद होते.

“दिसते का वं सोनाबाई?” गुरुजींनी विचारले.

“दिसते. दिसून काय करू?” सोनाबाई म्हणाल्या. “पाटा देल्ला गुरुजी तुमाले, चव नाई देल्ली. नव्या पाट्यावर चटणी वाटते का रडते, समजत नाई. अन् उद्या पुरन कायच्यावर वाटू? तुमच्या तलवारीवर?”

दुपारनंतर दोन्ही घरी जाऊन आलो. आधी कोणाकडे जावे हा प्रश्न होता. गुरुजींनी सल्ला दिला की पायांत जोडा नाही तेव्हा जे घर जवळ त्या घरी जावे, म्हणजे अर्थ निघणार नाही. जवळचे घर मोठे निघाले. परत येताना अर्थ निघालाच होता.

मोठ्या घरचे गुणवंतराव पाटील गोठ्यात होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून शेकतात, याला खांदशेकणी म्हणतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याचा तो मान. ते काम चालू ठेवूनच ते बोलले.

“अधिक महिना कोनाचाच नसते भाऊ. तो देवाचा. त्या महिन्यात लगन लागत नाई, घरभरनी होत नाई. मंग पाळी कशी सरन? तुमी शिकलेले मानसं, तुमीच सांगा.”

मी बातमी गोळा करायला आलो आहे, निवाडा द्यायला नाही, असे सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, “छापान तं मोठ्या घराचं नाव पयले येऊ द्या. वयाप्रमानं म्हनतो मी.”

धाकट्या घरचे दादाराव पाटीलही खांदशेकणीतच होते. तेच तूप, तीच हळद. वयाने ते गुणवंतरावांपेक्षा चार वर्षांनी मोठे निघाले. धाकटे आहे ते घर.

“महिना देवाचा म्हन्ते ना तो?” दादाराव म्हणाले. “मंग देवाच्या महिन्यात त्याची तलवार कोनाड्यात काहून होती? देव बसवाचा होता. त्या महिन्यात गुणवंता जेवला का नाई? जेवला. झोपला का नाई? झोपला. मंग मोजाच्या वक्तीच महिना कोठी गेला?”

“आपण पोळ्यापुरते कुलूप काढले तर?” मी विचारले.

“काढतो ना. त्यानं आपलं अगोदर काढलं का मी काढतो.”

हेच वाक्य गुणवंतरावांनीही उच्चारले होते. दादारावांनी दुधाचा पेला हाती दिला आणि निरोप देताना म्हणाले, “छापान तं आमचं नाव पयले. वयाप्रमानं.”

संध्याकाळी घरोघर बैलांना आमंत्रण देण्यात आले: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. गुरुजींकडे बैल नाहीत. त्यांनी ओसरीवर बसून वही उघडली आणि कोणाची कोणती झूल हे पुन्हा तपासून पाहिले, जणू सकाळी दार उघडणारच होते.

पोळ्याच्या दिवशी सकाळी नाल्यावर बैल धुतले गेले. शिंगे हुरमुजी रंगाने रंगली. दहाच्या सुमारास पहिला शेतकरी झूल नेण्यासाठी चावडीसमोर आला, दोन कुलपे पाहून थांबला. अकरापर्यंत तिथे सगळे गाव उभे होते, आणि त्यांच्यामागे रंगवलेली शिंगे घेऊन बैल. चार वाजता तोरण बांधायचे होते. गुरुजी खोलीच्या पायरीवर बसले होते.

गुणवंतराव आले. दादाराव आले. दोघांच्याही कमरेला किल्ली होती, दोघांचाही हात किल्लीवर होता.

“कोनी कुलूप फोडलं तं पाहा,” गुणवंतराव म्हणाले.

“आमच्या कुलपाले हात लावाची कोनाची छाती हाये?” दादाराव म्हणाले.

“पाटील, बैल उघडेच न्याचे काय तोरनाखाली?” गर्दीतून कोणीतरी विचारले.

“म्या नाई म्हनलं काय? त्याले सांग अगोदर काढ.”

“त्यालेच सांग.”

असे पाऊण तास चालले. दोघांचीही बाजू पहिल्यापेक्षा पक्की होत गेली. शेवटी गर्दी बाजूला सारत सोनाबाई पुढे आल्या. डोक्यावर शिजवलेल्या डाळीचे पातेले होते आणि त्यातून वाफ निघत होती. पुरण गरम असतानाच वाटावे लागते. निवलेली डाळ पाट्यावर नीट वाटली जात नाही. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

“गुणवंता, दाळ थंडी होऊन राह्यली,” त्या म्हणाल्या. “दादा, दाळ थंडी होऊन राह्यली.” दोघेही खाली पाहू लागले. दोघांनाही त्यांनी लहानपणी न्हाऊ घातले होते, असे नंतर समजले. सोनाबाईंनी दोघांचा नाद सोडला आणि करीमभाईंकडे वळल्या.

“करीम, हे दार कोनं बसवलं होतं?”

“माह्या बापानं, माय.”

“मंग तुले काढता येते का नाई?”

करीमभाई दाराजवळ गेले. या जुन्या दारांना बिजागऱ्या नसतात. प्रत्येक झडपेच्या कडेला खाली आणि वर लाकडाचा खुंट असतो. खालचा उंबरठ्याच्या खळग्यात फिरतो, वरचा चौकटीच्या भोकात. झडप वर उचलली की खालचा खुंट सुटतो. करीमभाईंनी उंबरठा पाहिला, वरची भोके पाहिली आणि कुलपांकडे पाहिले. कुलपे दोन झडपांना एकमेकींशी बांधत होती, चौकटीशी नाही.

“निंगते,” ते म्हणाले. “दोनी झडपा संगंच निंगते. कुलपं जशीच्या तशी राह्यते.”

सगळे गाव दोन्ही पाटलांकडे पाहू लागले.

“कुलूप उघडाचं नाई ना?” गुणवंतरावांनी विचारले.

“कुलपाले हातच नाई लावत.”

“खालचं?” दादारावांनी विचारले.

“खालचं बी नाई अन् वरचं बी नाई.”

दोघांनी थोडा विचार केला. कोणाला हरकतीचा मुद्दा सापडला नाही. डावी झडप मोठ्या घराच्या गड्यांनी धरली, उजवी धाकट्या घराच्या. खाली पहारी लावल्या. करीमभाई मध्ये उभे राहिले.

“मी ‘हां’ म्हनलं का दोनी बाजूनं संगंच उचला. एकानं अगोदर उचललं तं दार फसन. हां!”

पहिल्या खेपेस डाव्या बाजूने आधी जोर लागला. तिथे पहिले असण्याची सवय होती. दार तिरके होऊन अडकले. दुसऱ्या खेपेस उजव्या बाजूने घाई केली. दार दुसरीकडे तिरके झाले.

“पाळी नाई हे पाटील,” करीमभाई म्हणाले. “दार हाये.”

तिसऱ्या खेपेस दोन्ही बाजू एकदम उचलल्या गेल्या. दार अखंड वर आले, खुंट सुटले, आणि दोन झडपा, दोन साखळ्या व दोन कुलपे अशी ती सगळी वस्तू आठ माणसांच्या हातांत राहिली. खोलीत उजेड शिरला. सोनाबाई सर्वांत आधी आत गेल्या. त्यावर कोणी मानाचा प्रश्न काढला नाही.

आता दार ठेवायचे कुठे? बाहेर डाव्या भिंतीला टेकवले तर ते मोठ्या घराच्या बाजूला जाते, उजव्या भिंतीला टेकवले तर धाकट्या. आठ माणसे घामाघूम होऊन उभी होती.

“आत आणा,” गुरुजी म्हणाले.

आत एवढे उंच दार टेकवायला एकच जागा मोकळी होती, प्रवेशाजवळची, पहिल्या कोनाड्यासमोरची. दार तिथे उभे राहिले. त्याच्यामागे कोनाडा झाकला गेला, कोनाड्यातली तलवारही. गुणवंतरावांनी तोंड उघडले. मग त्यांना त्या दारावर आपले पितळी कुलूप वरच्या बाजूला दिसले आणि ते मिटले. दादाराव दाराजवळ जाऊन वाकून पाहून आले. त्यांचे कुलूपही जागेवर होते, आणि आत येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर बरोबर तेच येत होते.

गुरुजींनी कानावरची पेन्सिल काढली, एका कागदावर काही लिहिले आणि दाराला चिकटवले. मग वही उघडून झुली वाटायला बसले.

चार वाजता पोळा भरला. तोरण आंब्याच्या पानांचे होते. पहिली जोडी मोठ्या घरची, दुसरी धाकट्या घरची, पुढे ठरल्याप्रमाणे. तोरण तुटले, बैल उधळले, एकाने आपली झूल मशिदीपर्यंत नेली, ती करीमभाईंनी परत आणली. जेवण गुरुजींकडे झाले: पुरणपोळी, कढी, वडे. पुरण गुळगुळीत होते. ते कोणत्या पाट्यावर वाटले हे विचारावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता डिप्टीसाहेब तट्टावरून आले. कोट, साफा, दोन्ही बूट. शाळा तपासून ते खोलीकडे आले तेव्हा बाहेर माणसांची रांग होती. प्रत्येकाच्या खांद्यावर झूल किंवा हातात घुंगरमाळ.

“ही रांग कसली?” त्यांनी विचारले.

“वस्तू जमा करायला, साहेब,” गुरुजी म्हणाले.

डिप्टीसाहेबांनी खोलीभर फेरी मारली. खोटा दात पाहिला. कोपऱ्यात सोनाबाई चटणी वाटत होत्या; त्यांनाही पाहिले आणि पाट्यावरचा कागद वाचून पुढे गेले. मग बाहेर येऊन कागद काढला.

“खोली कोरडी आहे. प्रशस्त आहे. गुरे मावतील,” ते म्हणाले. गुरुजींचा चेहरा मी पाहिला आणि लगेच दुसरीकडे पाहिले. “दार कुठे आहे?”

“आत आहे साहेब. वस्तू क्रमांक एक.”

डिप्टीसाहेब पुन्हा आत गेले. दारावरचा कागद त्यांनी मोठ्याने वाचला: “‘दार. सागवानी. कुलपांसह. दोन्ही घरांकडून.’ हे परत बसवता येत नाही?”

सगळ्यांनी करीमभाईंकडे पाहिले.

“येते ना साहेब. कालच काढलं, आज बसवतो. पन बसवलं तं उघडत नाई, अन् काढलं तं लागत नाई.”

“मग कुलपे काढा.”

“त्यानं अगोदर काढावं,” दोन्ही पाटील एकदम म्हणाले. ज्या गोष्टीत त्यांचे एकमत झाल्याचे मी पाहिले, ती ही एकच.

डिप्टीसाहेब एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिले. ते वऱ्हाडातलेच असावेत, कारण त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. पेन काढून त्यांनी अहवालात ओळ लिहिली आणि शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला. मी शेजारी उभा होतो, म्हणून ती वाचता आली: ‘खोलीस दार नाही. सबब कोंडवाड्यास निरुपयोगी. संग्रह आहे तेथेच असावा.’

गुरुजी पायरीवर बसले. त्यांनी टोपी काढली, आत पाहिले आणि परत घातली. सोनाबाईंनी आतून विचारले, “गेला का थो साहेब? त्याले चटणी पाह्यजे का इचारा.”

माझी निघण्याची वेळ झाली. करीमभाई छकडा घेऊन आले. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल संपले होते आणि बसायला जागा होती. मी उजवा बूट शोधू लागलो. तो जागेवर नव्हता. गुरुजी मला पुन्हा संग्रहात घेऊन गेले. मानाच्या क्रमात सर्वांत शेवटी, खिडकीखाली, नाल्यात सापडलेल्या त्या दगडी खलाच्याही मागे, माझा बूट ठेवला होता. कागदावर लिहिले होते: ‘बूट, उजवा. पुण्याचे पाहुणे. डावा दुसऱ्या नाल्यापुढे, बाभळीजवळ, काढणे आहे.’

“एका बुटाचा आपल्याला काय उपयोग?” गुरुजी म्हणाले. “दिवाळीनंतर जोडी पुरी होईल.”

हरकत घेण्यासारखे काही नव्हते. गावच्या चांभाराने दिलेल्या वहाणा घालून मी कारंज्याला आणि तिथून पुण्याला आलो. लहान गाडीने या खेपेस माझ्यासाठी वाट पाहिली. वहाण पायाला लागत होती, मी हळू चालत होतो. गार्डला पान दिले.

पुण्यामुंबईकडील मोठी संग्रहालये मी कामानिमित्त पाहिली आहेत. तिथे काचा असतात, पहारेकरी असतात, आणि वस्तूला हात लावू नये अशी पाटी असते. काचेआडची तलवार आधी की पगडी आधी, यावरून तिथे भांडण झाल्याचे कधी ऐकले नाही. आपली वस्तू आज संध्याकाळी लागणार आहे, ती द्या, असे म्हणत कोणी आल्याचेही ऐकले नाही. कामरगावला पहारेकरी नाही आणि आता दारही नाही. तरी तिथली वस्तू हरवेल अशी भीती मला वाटत नाही. कोणती वस्तू कोणत्या जागी आहे, याकडे तिथे सगळ्या गावाचे बारीक लक्ष असते.

दोन्ही घरांची नावे या मजकुरात कोणत्या क्रमाने यावीत, हा प्रश्न कचेरीत निघाला. संपादकांनी सांगितले की घडले त्या क्रमाने यावीत. तशी ती आली आहेत. ज्यांना हरकत असेल त्यांनी गुरुजींच्या घरापासून दोन्ही घरांचे अंतर मोजून पाहावे. मी अनवाणी होतो आणि जवळच्या घरी आधी गेलो.

मजकूर छापायला जाण्यापूर्वी गुरुजींचे दुसरे कार्ड आले. डावा बूट मिळाला. सोनाबाई ठीक आहेत. दाराच्या जागेतून पावसाचा सपकारा आत येतो, म्हणून करीमभाईंनी नवे दार करायला घेतले आहे. लाकूड कापून तयार आहे. ते एका झडपेचे असावे की दोन, यावर गावात बोलणे चालू आहे.